नैर्ऋत्येचा आडोसा

चुकांची वही ठेवण्याची सवय मला शाळेने लावली. माध्यमिक शाळेत गणित आणि भूगोल शिकवताना मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक शंभर पानी वही करून घेत असे. तिच्यात बरोबर उत्तरांना जागा नव्हती. डाव्या पानावर चुकलेले उदाहरण जसे चुकले तसे उतरवायचे आणि समोरच्या उजव्या पानावर ते का चुकले हे एका पूर्ण वाक्यात लिहायचे. ‘लक्ष नव्हते’ असे लिहायला मनाई होती, कारण ते कारण कुठल्याही चुकीला लागू पडते, आणि सगळ्यांना लागू पडणारे कारण हे कारणच नसते. विद्यार्थी कुरकुरत. काहीजण उजवे पान एकमेकांचे पाहून भरत, तेही मला समजत असे. तरी ती वही मी निवृत्तीपर्यंत सोडली नाही.

निवृत्तीनंतर अशी वही पुन्हा उघडावी लागेल असे वाटले नव्हते. ती उघडली माझ्या सुनेने.

सून आर्किटेक्ट आहे. मुलगा आखातात एका कंपनीत नोकरी करतो आणि लग्नानंतर तीही तिथल्याच एका ऑफिसात लागली. ते ऑफिस दूरच्या एका थंड देशातल्या फर्मसाठी इमारतींचे नकाशे करते. नकाशे सून करी, पण त्यांवर सही दुसऱ्याची होई. स्वतःची सही करायची तर त्या देशाची परवाना परीक्षा द्यावी लागते. पेपर अनेक, सगळे संगणकावर, आणि एक एक करून सोडवायचे. बाकीचे सगळे पेपर तिने नोकरी करता करता सोडवले होते. एकच उरला होता, आणि त्यात ती दोनदा नापास झाली होती. तो पेपर जागेच्या नियोजनाचा. म्हणजे जमिनीचा तुकडा दिला, तर इमारत कुठे ठेवायची, तोंड कुठे करायचे, झाडे कुठे लावायची, गाड्या कुठे उभ्या करायच्या.

सुटलेल्या पेपरांनाही मुदत असते. येत्या जानेवारीत हा शेवटचा पेपर सुटला नाही, तर सर्वांत आधी सुटलेले पेपर बाद होणार होते आणि ती पुन्हा पहिल्या पायरीवर जाणार होती. पुन्हा चढायला आपल्याला जमणार नाही, हे तिने आम्हाला आल्या दिवशीच सांगितले. रडून नाही, नकाशातले माप सांगावे तसे. ऑफिसातून बिनपगारी रजा घेऊन आषाढात ती एकटीच नागावला आमच्याकडे राहायला आली. दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत फक्त पुस्तके.

अभ्यासाला तिने पडवी मागितली. आमच्या घराची पडवी नैर्ऋत्येला आहे. पावसाळ्यात तिकडून झड येते, म्हणून वैशाख संपता संपता तिथे आडोसा बांधावा लागतो. पूर्वी नारळाच्या झावळ्या विणून बांधत. आता बांबूच्या चौकटीवर निळी ताडपत्री असते. चार महिने पडवीत दिवसाही दिवा लागतो आणि माणसांच्या चेहऱ्यांवर निळसर छाया पडते. त्या निळ्या उजेडात तिने टेबल मांडले.

पहिले काही दिवस मी लांबूनच पाहत होतो. पण ज्याचा जन्म प्रश्नपत्रिका काढण्यात गेला, त्याच्यासमोर परक्या देशाची प्रश्नपत्रिका पडली की त्याला गप्प बसवत नाही. एका सकाळी मी विचारले, “हे जरा वाचलं तर चालेल?”

“वाचा ना, बाबा.”

आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “झालं. आता घंटा व्हायचीच राहिली. अगं, यांना एकदा खुर्ची दिलीस की फळा मागतील.”

फळा मी मागितला नाही, वही मागितली. सराव परीक्षेत जे चुकेल ते डाव्या पानावर, कारण उजव्या पानावर. सून म्हणाली, “आमच्या शाळेतसुद्धा एक सर अशी वही करून घ्यायचे. मी उजवं पान मैत्रिणीचं बघून भरायचे.”

“इथे मैत्रीण नाही,” मी म्हणालो.

त्या परीक्षेत मला पुष्कळ गोष्टी नव्या होत्या आणि काही अनपेक्षितपणे ओळखीच्या निघाल्या. मापे फूट आणि इंचांत होती. आपल्याकडे सरकारी नकाशा मीटरमध्ये काढतात, पण मिस्त्री आजही फूट, इंच आणि सूत यांतच बोलतो. एका इंचात आठ सूत. सुनेला या मापांची भीती नव्हती. तिचे वडील कोकणातच भाताची शेती करत आणि उरलेल्या वेळात सुतारकाम करत, त्यामुळे तिने सूत हा शब्द शाळेत जाण्याआधी ऐकला होता. समोच्च रेषा तर माझ्याच विषयातल्या. नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या त्या वेड्यावाकड्या रेषा पाहून जमीन कुठे चढते, कुठे उतरते आणि पाणी कुठून वाहील हे ओळखायचे असते. मी स्वयंपाकघरातून एक वेडावाकडा बटाटा आणला, तो मधोमध कापला, अर्धा भाग ताटात पालथा ठेवला आणि ताटात थोडे थोडे पाणी ओतत प्रत्येक पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. पाणी काढून वरून पाहिले की बटाट्यावर समोच्च रेषा दिसतात. जिथे रेषा दाटीने असतात तिथे चढ उभा, जिथे विरळ तिथे सपाट.

“हे मला पाच वर्षांच्या कॉलेजात कोणी दाखवलं नाही,” सून म्हणाली.

“भाजीला काढलेला होता तो,” सौभाग्यवती म्हणाल्या. “आता या डोंगराचं काय करू? किल्ला बांधता की रस्सा करू?”

त्या दिवशी त्या डोंगराचा रस्साच झाला. पण उतारावरचे प्रश्न सुनेचे त्यानंतर क्वचितच चुकले, हे मी वहीत नोंदवले आहे.

बाकीचे मात्र चुकत राहिले. श्रावण संपला तेव्हा डावी पाने बरीच भरली होती. प्रश्न साधारण असे असत: अमुक उताराची जमीन आहे, अमुक दिशेने रस्ता आहे, हिवाळ्यात वारा अमुक दिशेने येतो. इथे ग्रंथालय बांधायचे आहे. वाचनाची खोली कोणत्या बाजूला ठेवाल? सदाहरित झाडांची रांग कुठे लावाल? चार पर्याय दिलेले असत आणि सुनेचा पर्याय चुकलेला असे. उजव्या पानावर ती प्रामाणिकपणे कारणे लिही. ‘वाऱ्याची आकृती नीट पाहिली नाही.’ ‘रस्त्याचा विचार आधी केला.’ ‘दोन पर्यायांत शंका आली तेव्हा पहिलाच धरला.’ प्रत्येक कारण वेगळे होते.

ही कारणे वाचून मी एक निष्कर्ष काढला आणि तो चुकीचा होता. मला वाटले, ही घाई करते. चाळीस वर्गांचा अनुभव माझ्या बाजूने होता. हुशार मुले सोप्या प्रश्नांत चुकतात ती घाईने, हे मी असंख्य पालकसभांत सांगितले होते. तेव्हा मी तिला प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायला लावला. टेबलावर घड्याळ ठेवले आणि ठरलेला वेळ होईपर्यंत उत्तर द्यायचे नाही असा नियम केला. तीन आठवडे तिने तो पाळला. चुका कमी झाल्या नाहीत. उलट वेळ पुरेना, आणि शेवटचे प्रश्न कोरे राहू लागले.

गणपती गेल्यानंतरच्या एका दुपारी तिने पेन्सिल खाली ठेवली. “बाबा, मी घाई करत नाही. दोनदा वाचलं तरी तेच उत्तर येतं. दहा वेळा वाचलं तरी तेच येईल. मला तेच बरोबर दिसतं, हाच तर प्रॉब्लेम आहे.”

मी घड्याळ उचलून आत नेऊन ठेवले. ‘मला तेच बरोबर दिसतं’ हे वाक्य मी त्या वेळी पुरेसे ऐकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. सगळे त्या वाक्यातच होते.

दरवर्षी घटस्थापनेच्या सुमारास आमचा मिस्त्री आडोसा उतरवायला येतो. मागच्या आळीतला तो वयस्कर मुसलमान सुतार. तरुणपणी त्याने आखातात बारा वर्षे काढली आणि मग गावी येऊन दारे-खिडक्या करू लागला. आम्ही त्याला मिस्त्री म्हणतो, सून चाचा म्हणते. त्या दिवशी त्याने चौकटीच्या गाठी सोडल्या, ताडपत्री खाली घसरली आणि चार महिन्यांनंतर पडवीत एकदम ऊन शिरले. टेबलावर, पुस्तकांवर, उघड्या वहीवर. सुनेने डोळ्यांवर हात धरला.

“काय बेटी, उजेड सोसवेना?” मिस्त्री म्हणाला. “पुस्तकांत घर बांधतेस ना? मग उन्हाकडं बघून घे. गुरुजी, तुमच्या या पडवीला आठ महिने ऊन हाय न् चार महिने न्हाय.”

“पाऊस आहे ना,” मी म्हणालो.

“व्हय. पन मी काय केलेलं ठाऊक हाय? तिकडं गेलो ना पहिल्या साली, एका बंगल्याच्या खिडक्या माझ्याकडं होत्या. मी आपली नैर्ऋत्येची खिडकी पार बारीक केली, वर हा एवढा छज्जा, खाली पाण्याला पन्हळ. इंजिनिअर आला. बघतो, बघतो, न् इचारतो, हे पन्हळ कशाला? मी बोललो, साहेब, झड येईल. तो हसून हसून बेजार. बोलला, मिया, इथं वरीसभर पानी पडत न्हाय, झड कुठली?” मिस्त्री स्वतःही हसू लागला. “पन्हळ काढलं न्हाय त्यानं. बोलला, राहू दे, तुझ्या गावाची आठवन.”

सून हसली. मी हसलो नाही, कारण माझे लक्ष वहीकडे गेले होते. ऊन तिच्यावर तिरपे पडले होते आणि डाव्या पानावर सुनेने काढलेली ग्रंथालयाची आकृती मला एखाद्या ओळखीच्या घरासारखी दिसली. नैर्ऋत्येला संडास, भांडारघर आणि जिना. वाचनाची खोली ईशान्येला. मी मागचे पान उलटले. शाळेची इमारत: नैर्ऋत्येला भिंत, तिच्याबाहेर दाट झाडे. त्यामागचे पान: दवाखाना, नैर्ऋत्येला खोल व्हरांडा आणि त्यावर छज्जा.

मी लाल पेन्सिल मागितली. पडवीच्या पायरीवर बसून मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कारण काय लिहिले आहे ते पाहायचे नाही, चूक घडली तेव्हा इमारतीने पाठ कुठे फिरवली तेवढेच पाहायचे आणि तिकडे एक बाण काढायचा, असे ठरवले. मिस्त्रीने बांबू मोजून बांधले, चहा घेतला आणि तो गेला तरी माझे बाण संपले नव्हते. उताराचे आणि रस्त्याचे थोडे प्रश्न सोडले, तर सगळे बाण एकाच कोपऱ्याकडे होते.

“बघ,” मी वही तिच्यापुढे सरकवली.

ती बराच वेळ पाने उलटत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी सगळीकडे ताडपत्री बांधलीय.”

येथे थोडे समजावून सांगायला हवे. तो देश विषुववृत्तापासून इतका उत्तरेला आहे की हिवाळ्यात तिथला सूर्य दक्षिणेकडे अगदी खाली राहतो. तिथल्या माणसाला थंडीत ऊन हवे असते आणि ते फक्त दक्षिणेकडूनच मिळते. म्हणून राहायच्या खोल्या दक्षिणेला, खिडक्या मोठ्या, आणि समोर पाने गाळणारी झाडे, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन. गार वारा त्या प्रश्नांत बहुतेक वायव्येकडून येई, म्हणून सदाहरित झाडे आणि संडास-भांडारघरे तिकडे. आपल्याकडे अडवायचा असतो तो नैर्ऋत्येकडचा पाऊस. सून अभ्यासक्रम जाणत होती. तोंडी विचारले असते तर तिने हे सगळे मलाच शिकवले असते. पण रिकामी जमीन समोर आली की तिचा हात आधी नैर्ऋत्य झाकून घेई आणि मग डोके त्या झाकण्याला कारणे शोधी. उजव्या पानावरची कारणे वेगवेगळी होती ती त्यामुळेच.

आणि मी? मी हीच पाने दोन महिने वाचत होतो. वाऱ्याला तो ज्या दिशेकडून येतो त्या दिशेचे नाव असते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिले आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे हा धडा मला तोंडपाठ होता. तरी मला त्या इमारती चुकीच्या वाटल्या नाहीत, कारण मीही त्याच आडोशाच्या आत बसून त्या तपासत होतो.

ही शंका पक्की करावी म्हणून मी एक प्रयोग केला. कोऱ्या कागदावर चौकोन काढला, उत्तर दिशा दाखवली आणि सौभाग्यवतींना म्हणालो, “इथे घर काढ. कुठल्या गावात ते विचारू नकोस.”

“गाव न सांगता घर कसं काढायचं?” त्या म्हणाल्या.

एवढा अचूक प्रतिप्रश्न सबंध अभ्यासात कोणी केला नव्हता, पण तो मला नंतर उमगला. तेव्हा मी आग्रह धरला. त्यांनी स्वयंपाकघर काढले, देवघर काढले, विहीर काढली आणि नैर्ऋत्येला एक जाड रेघ ओढली.

“ही काय?”

“भिंत. खिडकी नको तिकडे. भिजेल सगळं. वास्तुशास्त्रातसुद्धा नैर्ऋत्य जडच ठेवतात, विचारा कोणाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतले जुने होकायंत्र काढले आणि आम्ही दोघे, मी आणि सून, गावात हिंडलो. इतकी वर्षे मी या रस्त्यांनी शाळेत जात-येत होतो, पण घरांना पाठ असते आणि ती सगळी एकाच बाजूला असते, हे मी प्रथमच पाहत होतो. जुन्या कौलारू घरांत त्या बाजूचे छप्पर जास्त खाली उतरलेले, वळचण रुंद, खिडकी असली तर हाताएवढी. गोठे आणि लाकडे रचायच्या जागाही तिकडेच. कोणीही हे कुठे लिहून ठेवलेले नाही आणि तरी कोणाचे चुकलेले नाही. नवी घरे तेवढी वेगळी होती. समुद्राच्या रस्त्यावर एकाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत, समुद्र दिसावा म्हणून त्या बाजूला अख्खी काच. हा गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. होकायंत्र पाहून तो पुढे आला.

“सर, काय जमीन मोजता का माझी?”

“काच पाहतोय तुझी. पावसात काय करतोस?”

“बादल्या लावतो,” तो शांतपणे म्हणाला. “पाहुणे म्हणतात, सी व्ह्यू पाहिजे. व्ह्यू देतो, वर पाणी फ्री.”

सून खळखळून हसली. आषाढात आल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. परतताना मात्र ती गंभीर झाली. “म्हणजे बाबा, माझं उत्तर चूक नव्हतंच. हे सगळं गाव माझ्या उत्तरासारखं आहे.”

“उत्तर बरोबर होतं. प्रश्न दुसरा होता.”

“मग आता हे विसरू कसं?”

विसरायचे नाही, असे मी म्हणालो, पण कसे ते मला लगेच सांगता आले नाही. दोन-तीन दिवस विचार करून आम्ही एक रीत ठरवली, आणि तिचा अर्धा भाग सौभाग्यवतींच्या प्रश्नातून आला होता. गाव न सांगता घर काढता येत नाही. तेव्हा प्रश्न समोर आला की पर्याय वाचायचेच नाहीत. पर्याय पाहिले की हात सवयीकडे जातो. आधी कच्च्या कागदावर एक चौकोन काढायचा आणि बाहेरून तीन पाहुणे येऊ द्यायचे: ऊन, वारा, पाणी. प्रत्येकाचा बाण तो जिथून येतो तिथून काढायचा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न: आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, आणि कोणत्या ऋतूत? हे झाल्यावरच पर्यायांकडे पाहायचे. परीक्षेत संगणकावरच अशी कच्ची आकृती काढायची सोय असते, हे तिने मला सांगितले.

पहिल्या दिवशी या रीतीने तिला दुप्पट वेळ लागला. माझ्या घड्याळाच्या नियमाची आठवण होऊन मी घाबरलो. पण दिवाळीपर्यंत तिचे बाण काही क्षणांत होऊ लागले. वहीच्या डाव्या पानांवर चुका येत राहिल्या, मात्र आता त्या वेगवेगळ्या दिशांना होत्या, आणि शिक्षकाला यापेक्षा चांगली खूण नाही. एकच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर ती चूक नसते, ती समजूत असते. चुका विखुरल्या की समजायचे, समजूत सैल झाली.

जानेवारीत परीक्षेसाठी आम्ही मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला गेलो. केंद्रावर तिची झडती झाली, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर ठेवावी लागली. मी समोरच्या उपाहारगृहात बसलो. शाळेत असताना बोर्डाच्या परीक्षेला मी फाटकाशी उभा राहत असे आणि मुले बाहेर पडली की तिथेच, पायरीवर, प्रश्नपत्रिका उघडून एकेका प्रश्नाचा निकाल लागे. पेपर कसा गेला, या प्रश्नाशिवाय माझ्या लेखी परीक्षा संपतच नाही. त्यामुळे चार-साडेचार तासांनी ती रस्ता ओलांडून आली तेव्हा मी उठूनच उभा होतो.

“कसा गेला?”

“संपला,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “आधी चहा.”

चहा झाला. धक्क्यावर आलो. बोट सुटली, सीगल पक्षी मागे लागले, लोकांनी त्यांच्याकडे शेव फेकायला सुरुवात केली. मी कठड्याशी उभा राहून जरा सावरून विचारले, “वारा आला होता का?”

तिने माझ्याकडे पाहिले आणि हसली. “बाबा, सही केलीय.”

“कसली?”

“आतलं बाहेर सांगणार नाही, अशी. एकही प्रश्न नाही. कोणालाच नाही.”

“मला पण नाही?”

“तुम्हाला तर नाहीच. तुम्ही वहीत लिहाल.”

खरे होते, मी लिहिलेच असते. परीक्षा झाल्यावर तिच्याविषयी बोलायचे नाही ही कल्पना मला आजही विचित्र वाटते, कारण शिकणे बरेचसे त्या पायरीवरच होते. पण सही ही सही. जी सही मिळवण्यासाठी ती गेले सहा महिने पडवीत बसली होती, तिची किंमत तिने पहिल्यांदा मलाच दाखवून दिली. मी समुद्राकडे तोंड केले आणि विषय बदलला. वारा त्या वेळी पश्चिमेकडून होता.

निकाल काही दिवसांनी ई-मेलवर आला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मोबाइल पाहिला, एक चादर तशीच दोरीवर अर्धी टाकून आत गेली, सौभाग्यवतींना नमस्कार केला आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, “सुटला.” एवढेच. मग पायरीवर बसून खूप रडली. सौभाग्यवती तिच्या पाठीवर हात फिरवत मला म्हणाल्या, “आता उभे काय? ती चादर नीट घाला जा दोरीवर.” मी गेलो आणि चादर नीट घातली.

फेब्रुवारीत ती परत गेली. जाताना वही इथेच ठेवली. चार-पाच आठवड्यांनी मी ती सहज उघडली, तर शेवटच्या लिहिलेल्या पानानंतर एक नवी आकृती होती, या वेळी उजव्या पानावर. वरती चौकोन, तीन बाण: ऊन, वारा, पाणी. खाली आमची पडवी, मापे फूट, इंच आणि सूत यांत. नैर्ऋत्येला ताडपत्रीऐवजी पोफळीच्या तिरप्या पट्ट्यांची चौकट काढलेली होती. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, म्हणजे झड त्यांवर आपटून बाहेरच ओघळेल आणि उजेड मात्र फटींतून आत येईल. दोन पट्ट्यांत किती अंतर, झुकाव किती, सगळे लिहिलेले. कोपऱ्यात तिची सही. सहीखाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘या सहीला इथे कायद्याने अर्थ नाही. चाचांना दाखवून मगच करा.’

वैशाखात मिस्त्री आला. मी वही त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा लावला, आकृती उलटसुलट पाहिली, हाताची बोटे तिरपी करून त्यांवर पाणी पडल्याचा अंदाज घेतला.

“बेटीनं काढलंय?”

“होय. जमेल?”

“बनवायला काय, बनवीन. पन झड सरळ न्हाय येत, गुरुजी. कधी खालून उसळून येते.” त्याने पुन्हा बोटे तिरपी केली, आणखी थोडी जास्त. “दोन सूत फट कमी करू का?”

“नको,” मी म्हणालो. “तिने लिहिलं आहे तसंच कर. चुकलं तर कळू दे.”

चौकट आता बसली आहे. पडवीत या घडीला, आकाश भरून आले असतानाही, वाचता येईल इतका उजेड आहे. ताडपत्रीची गुंडाळी मी माळ्यावर टाकली आहे, दोरीसकट, हाताशी येईल अशी. खरा पाऊस अजून लागायचा आहे. तिने आकृती काढली त्या उजव्या पानासमोरचे डावे पान मी कोरे ठेवले आहे आणि त्यावर फक्त एक चौकोन आखून, नैर्ऋत्येला पेन्सिल टेकवून ठेवली आहे.